डीव्हीडी केली, आता कॅसेट टाकायची का?

घरच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटची एकदा डीव्हीडी केली की चित्रीकरण कायमचं सुरक्षित, मग कॅसेट भंगारात टाकली तरी चालते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. ते खरं नाही.

सिनेमाच्या विकत मिळणाऱ्या डिस्कवर माहिती साच्याने दाबून उमटवलेली असते. आपण लिहितो त्या डीव्हीडी-आरमध्ये मात्र लेझर सेंद्रिय रंगाच्या पातळ थरावर खुणा करतो, आणि हा रंग ऊन, उष्णता, दमटपणा यांनी खराब होतो. लेखन आतून बाहेर होतं, म्हणजे कॅसेटचा शेवट डिस्कच्या कडेला, नेमका बोटं लागतात तिथे. शेवटी चित्र अडकायला लागलं तर ताबडतोब कॉपी काढा.

डिस्कवर चित्र सुधारतं, हीसुद्धा थापच. ४.७ जीबीत दोन तास एमपेग-२ने, म्हणजे व्हिडिओचा आकार लहान करण्याच्या पद्धतीने, दाबून बसवलेले असतात. सहा तास कोंबले तर हलत्या दृश्यात चौकोन दिसणारच. म्हणून डिस्क करून देणाऱ्याकडून तिच्याबरोबर कमी दाबलेली फाइलही मागून घ्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

कॅसेट राहू द्या. मात्र तीही झिजते, आणि व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे चालू यंत्र हाताशी आहे तोवर हे काम उरकलेलं बरं.