घरघर

एखादी कंपनी डबघाईला आली, एखादी योजना गुंडाळायची वेळ आली, की बातमीचा मथळा ठरलेला असतो : अमक्याला घरघर लागली. शब्द आपण सैल हाताने वापरतो. पण तो ज्या आवाजावरून आला, तो स्वतःच्या कानांनी ऐकलेली माणसं आता कमी होत चालली आहेत. मरण इस्पितळाच्या पडद्याआड गेलं आणि शब्द तेवढा बाहेर राहिला.

मी तो आवाज ऐकला ताईच्या उशाशी, रात्री दोनच्या सुमारास. ओला, खरखरीत, प्रत्येक श्वासाबरोबर वर येणारा आणि पुन्हा खाली बसणारा. मला वाटलं, ती बुडते आहे. पलीकडच्या खोलीत जरा टेकलेल्या नर्सना उठवलं. त्यांनी ताईला हलकेच कुशीवर वळवलं, पाठीशी उशी सरकवली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "कपाळावर आठी दिसते का बघा. नाही ना? त्यांना नाही होत हो त्रास. तुम्हाला होतोय."

घशात आणि श्वासनलिकेच्या वरच्या भागात थोडा स्राव सतत तयार होत असतो. दिवसभर आपण तो नकळत गिळतो, नाहीतर खाकरून टाकतो. अखेरच्या दिवसांत माणसाची शुद्ध इतकी खोल जाते की गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रियाच बंद पडते. स्राव तिथे साचतो आणि हवा त्यातून ये-जा करताना वाजते. घशात काहीतरी अडकलंय हे जाणवून जो खोकतसुद्धा नाही, त्याला गुदमरल्यासारखं वाटत असण्याची शक्यता फार कमी. स्राव कमी करणारी इंजेक्शनं असतात, पण जे आधीच साचलंय त्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. नळी घालून ओढून काढायला गेलं तर त्याचाच त्रास होऊ शकतो. कुशीवर वळवणं हा साधा उपाय पुष्कळदा पुरतो.

हे मला आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर ती रात्र मी दारात उभी राहून नाही, तिचा हात हातात घेऊन काढली असती.

त्याआधीची धावपळ जेवणावरून झाली होती. "दोन घास तरी घे गं." खात नाही म्हणून खंगत चालली, असं घरच्यांना वाटतं. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो : शरीर मिटत आलेलं असतं म्हणून भूक गेलेली असते. साठलेली चरबी वापरली जाताना तयार होणारे कीटोन उरलीसुरली भूकही मारतात. बळेबळे भरवलं तर घास फुफ्फुसात उतरण्याची भीती. मग सलाईनचा आग्रह होतो. सलाईन लावलं की आपण काहीतरी करतोय याचं समाधान मिळतं. पण थकलेलं हृदय आणि मूत्रपिंडं यांना ते पाणी झेपत नाही. ते पायांत साचतं, फुफ्फुसांत साचतं, आणि घरघर वाढू शकते. तोंड कोरडं पडणं हा मात्र खरा त्रास आहे. त्यावर इलाज म्हणजे ओला स्पंजाचा बोळा. तो ओठांवरून, हिरड्यांवरून, जिभेवरून फिरवायचा, थोड्या थोड्या वेळाने. शेवटच्या दोन दिवसांत मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम हेच असावं. एकदा तिने तो बोळा ओठांत पकडून ठेवला. लहान मूल धरतं तसा, घट्ट.

श्वासाचंही तसंच. तो खोल खोल होत जातो, मग उथळ होत होत थांबतो. दहा सेकंद, वीस, कधी त्याहून जास्त. खोलीतल्या सगळ्यांचेच श्वास अडकतात आणि तेवढ्यात तो पुन्हा सुरू होतो. जॉन चेन या डॉक्टरांनी १८१८ साली आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ साली या लयीचं वर्णन केलं, म्हणून तिला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. गरम-गार पाण्याचा नळ जुळवताना आपली जी फसगत होते, तीच इथे मेंदूची होते. पाणी गार लागतं म्हणून नळ फिरवावा, तर गरम पाणी यायला वेळ लागतो. तोवर आपण जास्तच फिरवलेला असतो, आणि मग चटका. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडची वर्दी मेंदूपर्यंत उशिरा पोचते, मेंदू गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करतो, मग एकदम हात आखडता घेतो. थांबलेल्या त्या सेकंदांत ती व्यक्ती श्वासासाठी धडपडत नसते.

हातपाय गार पडणं, गुडघ्यांवर जांभळट डाग उमटणं, लघवी कमी होणं ही रक्ताभिसरण आत, मुख्य अवयवांपुरतं आवरतं झाल्याची लक्षणं. जाड पांघरुणांचा ढीग घालायची गरज नसते.

आणि बोलत राहावं. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका हॉस्पिसमधल्या, म्हणजे मरणासन्न माणसांची काळजी घेणाऱ्या संस्थेतल्या, रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजून केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. कशालाच प्रतिसाद न देणाऱ्या अवस्थेतल्या काही रुग्णांचे मेंदूही, सुरांच्या क्रमात बदल झाला की, निरोगी तरुणांच्या मेंदूंसारखेच दखल घेत होते. अर्थ पोचतो असं त्यातून सिद्ध होत नाही. पण 'त्यांना आता काही ऐकू येत नाही' असं समजून उशाशी बसून हिशेब आणि वाद काढणाऱ्यांनी तरी हे ध्यानात ठेवावं.

'गेलेली माणसं दिसायला लागली' हेही आपल्याला ऐकून माहीत असतं, पण सहसा कुजबुजत सांगितलं जातं. अमेरिकेतल्या बफेलोच्या हॉस्पिसमध्ये रुग्णांना याबद्दल रोज विचारलं गेलं. २०१४ साली छापलेल्या त्या अभ्यासात ८८ टक्के रुग्णांनी असं स्वप्न किंवा दर्शन एकदा तरी अनुभवल्याचं सांगितलं, आणि गेलेल्या जिवलगांची स्वप्नं सगळ्यात दिलासा देणारी होती. औषधाचा डोस वाढवण्याआधी "कोण आलं होतं?" असं विचारून पाहायला काय हरकत आहे? भ्रमात तळमळणारा रुग्ण वेगळा. त्याला उपचार हवेतच.

मग हे सगळं आधी कुणी का सांगत नाही?

डॉक्टर क्रूर असतात म्हणून नव्हे. निकोलस ख्रिस्ताकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट यांनी २००० साली एक अभ्यास छापला. त्यात ३४३ डॉक्टरांना आपापल्या मरणासन्न रुग्णांकडे किती दिवस उरलेत याचा अंदाज विचारला होता. रुग्ण होते ४६८. अंदाज बरोबर आले फक्त २० टक्के. ६३ टक्के अंदाज गरजेपेक्षा आशावादी होते. आणि डॉक्टर-रुग्णांची ओळख जितकी जुनी, तितकी चूक मोठी. जीव जडला की नजर मंदावते. घरच्यांचं तर विचारूच नका.

छातीवर दाब देऊन हृदय पुन्हा सुरू करण्याबद्दलच्या आपल्या समजुती तर पडद्यावरून आलेल्या आहेत. अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकांमधले असे प्रसंग काही संशोधकांनी १९९६ साली मोजले, तेव्हा तिथले दोनतृतीयांश रुग्ण बरे होऊन घरी जात होते. प्रत्यक्षात इस्पितळात हृदय बंद पडलेल्यांपैकी चार-पाचांमागे एखादा घरी जातो, आणि शेवटच्या अवस्थेतल्या आजारात त्याहून खूप कमी. "सगळं करा डॉक्टर" म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा मालिकेतला रुग्ण असतो.

'सगळं करा' आणि 'आता काही करता येत नाही' या दोन वाक्यांमध्ये बरीच मोठी जागा आहे. ती जागा सिसिली साँडर्स यांनी पाहिली. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. १९४८ साली लंडनमध्ये डेव्हिड तस्मा हा वॉर्सामधून आलेला पोलिश ज्यू रुग्ण कर्करोगाने गेला. जाण्याआधी त्या दोघांच्या गप्पा होत असत : वेदना कमी करणारी, माणसाला माणूस म्हणून ऐकून घेणारी जागा कशी असावी. त्याने त्यांच्या नावे ५०० पौंड ठेवले, तुमच्या त्या घराची मी एक खिडकी होईन म्हणून. खिडकीभोवती घर उभं राहायला १९ वर्षं लागली. १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं.

तिथून पुढे जी शाखा वाढली तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आजार हटवता येवो न येवो, त्रास हटवायचा. वेदना, धाप, मळमळ, भीती, झोप, घरच्यांचा थकवा, सगळंच त्यात आलं. ती शेवटच्या आठवड्यासाठीच असते हा समज मात्र पक्का चिकटलाय. बोस्टनमध्ये फुफ्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले, निम्म्यांना त्याच्या जोडीला सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटात नैराश्य कमी होतं आणि अखेरच्या दिवसांतले आक्रमक उपचारही कमी झाले. तरी ते रुग्ण जगले जास्त : त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले, पहिल्या गटातले निम्मे ८.९ महिन्यांहून जास्त. मॉर्फिनचंही असंच. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन मरण ओढून आणत नाही. ते धाप आणि वेदना उतरवतं. निरुपयोगी ठरलेले उपचार थांबवणं आणि जीव संपवण्यासाठी औषध देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीबद्दल देशोदेशी कायदे आणि मतं वेगवेगळी आहेत. त्या वादाच्या धुरळ्यात पहिलीही नाहक संशयित ठरते, याचा मला राग येतो.

निर्णय कुणी घ्यायचा? "आम्हाला माहितीये तिला काय हवं असेल." मीही हेच म्हणाले होते. २००६ साली १६ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. रुग्णाला कोणते उपचार हवे असतील याचा जवळच्या माणसांनी केलेला अंदाज ६८ टक्के वेळा बरोबर निघाला. म्हणजे साधारण तिनांत एकदा चूक, आणि तीही प्रेमाच्या माणसांची. रुग्णाने स्वतः निवडलेला माणूस असला तरी हा आकडा सुधारला नाही.

याचा अर्थ बोलणं फुकट, असा नाही. मेलबर्नमध्ये ८० वर्षांवरच्या ३०९ रुग्णांपैकी अर्ध्यांशी प्रशिक्षित माणसांनी नीट बसून बोलणं केलं, घरच्यांना सोबत घेऊन, आणि ते लिहून ठेवलं. पुढच्या सहा महिन्यांत त्या गटातले जे गेले त्यांपैकी ८६ टक्के लोकांची इच्छा माहीत होती आणि पाळलीही गेली. दुसऱ्या गटात ३० टक्के. मागे राहिलेल्या नातेवाइकांमध्ये ताण आणि नैराश्यही कमी आढळलं. फरक प्रश्नात असतो, असं मला वाटतं. 'व्हेंटिलेटर हवा की नको' याला निरोगी माणूस काय उत्तर देणार? 'कशाशिवाय जगणं तुला जगणं वाटणार नाही?', 'कशाची जास्त भीती वाटते?' हे विचारता येतं. ताईला मी हे विचारलं ते फार उशिरा, आणि तिने दिलेलं उत्तर माझ्या अंदाजात कुठेच नव्हतं. तिला वेदनेची भीती नव्हतीच. आपल्यामुळे घरात सगळे कुजबुजत बोलतात, ते तिला सहन होत नव्हतं.

माणूस गेल्यावर सांत्वनाला येणारे पाच टप्प्यांची शिडी हातात देतात : नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली हे मांडलं खरं, पण ते मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या शोकाचा तो नकाशा नव्हता. शोकाचा अभ्यास करणाऱ्यांना अशी शिडी सापडत नाही. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ साली झोक्यासारखं चित्र मांडलं : माणूस कधी दुःखाकडे जातो, कधी बिलं भरायला, जुना विनोद आठवून हसायला परत येतो, आणि हे येणं-जाणं हेच सावरणं. जॉर्ज बोनॅनो यांना जोडीदार गमावलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक आधीपासूनच बऱ्यापैकी स्थिर आढळले. तेव्हा चौथ्या दिवशी कामाला लागलेल्याला 'दगड' म्हणू नये. काहींचा शोक मात्र तसाच धारदार राहतो, महिनोन्महिने जगणंच अडवतो. त्याची नोंद आता आजारांच्या जागतिक वर्गीकरणात स्वतंत्रपणे होते आणि त्यावर उपचारही आहेत.

डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांना विचारलं. १९७१ साली छापलेलं उत्तर असं, की जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवलं होतं; काहींना तो दिसला होता, काहींनी आवाज ऐकला होता. बहुतेकांनी हे त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. काहींनी तर लोक हसतील या भीतीने.

मेंदूला जागा सोडता येत नाही, याची एक खूण नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमच्या प्रयोगशाळेत मिळाली आहे. उंदीर एका पेटीत फिरत असतात, पेटीत एक वस्तू ठेवलेली असते. मग ती काढून घेतात. उंदीर पुन्हा तिथून जातो तेव्हा त्याच्या मेंदूतल्या काही पेशी नेमक्या त्या रिकाम्या जागी चेततात, जिथे ती वस्तू पूर्वी होती. मे-ब्रिट आणि एड्व्हार्ड मोसर यांच्या गटाने हे २०१३ साली छापलं. पुढच्याच वर्षी मेंदूतल्या स्थळज्ञानावरच्या कामासाठी त्या दोघांना नोबेल मिळालं. उंदरावरून माणसाच्या शोकापर्यंत उडी मारणं धोक्याचं आहे, हे मला कळतं.

ताईसाठी भाड्याने आणलेली लोखंडी कॉट तिसऱ्या दिवशी परत गेली. तिच्या पायथ्याचा एक कोपरा बाहेर आलेला होता आणि त्याने माझा गुडघा दोनदा फोडला होता. खोली मोकळी झाली, फरशी पुसून झाली. पुढचे कित्येक आठवडे मी खिडकीकडे जाताना त्या कोपऱ्यापाशी आले की पाय आपोआप वळायचा आणि मी वळसा घालून जायचे.