सामूहिक दावा: लढता येतं सगळ्यांसाठी, पैसे कोण भरणार?

एकाच बिल्डरने दोनशे जणांना किंवा एकाच कंपनीने हजारो भागधारकांना गंडवलं, तर सगळ्यांचा मिळून एकच दावा लावता येतो. ही सोय नवी नाही. 1877 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ती कलम 30 म्हणून होती. 1908 च्या संहितेत ती ऑर्डर 1, रूल 8 झाली आणि वकील आजही ती याच नावाने ओळखतात. हितसंबंध समान असलेल्या अनेकांच्या वतीने एकाने किंवा काहींनी कोर्टाच्या परवानगीने दावा चालवायचा, एवढंच तिचं सूत्र. 1976 च्या दुरुस्तीने एक जुना वादही मिटवला. दाव्याचं कारण सर्वांचं एकच असावं लागत नाही, हितसंबंध समान असले की पुरे.

दावा फसतो तो बहुतेक वेळा परवानगीच्या टप्प्यावर. आपण कोणाच्या वतीने आलो, त्यांचं आणि आपलं हित समान कसं, हे दाव्यात आणि अर्जात स्पष्ट लिहावं लागतं. परवानगी मिळाली की त्या सगळ्यांना नोटीस द्यायची. संख्या मोठी असेल तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि तिचा खर्च वादीचा. मध्येच दावा सोडायचा किंवा तडजोड करायची तरी पुन्हा नोटीस, तीही वादीच्याच खर्चाने. कारण उघड आहे: निकाल कोर्टाची पायरी न चढलेल्यांवरही बंधनकारक असतो. परवानगी घेतलीच नाही, तर हुकूमनामा फक्त नाव असलेल्यांपुरता उरतो.

खरा तिढा पैशाचा आहे. फायदा सगळ्यांचा, पण कोर्ट फी, नोटीस आणि वकील यांचं बिल ज्याचं नाव दाव्यावर त्याच्या माथी. महाराष्ट्रात 2018 मध्ये कोर्ट फीची कमाल मर्यादा 3 लाखांवरून 10 लाख रुपयांवर गेली. भरपाईची मोठी रक्कम मागणाऱ्याला हा आकडा आधी पाहावा लागतो.

मग तिसऱ्याने पैसे लावले तर? इंग्लंडमध्ये परक्याच्या दाव्यात पैसा ओतून वाटा घेणं पूर्वी गुन्हा होता. हिंदुस्थानात तो इंग्रजी कायदा लागू नाही, असं प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 1876 मध्ये राम कुमार कुंडू प्रकरणात सांगितलं. सौदा वाजवी असेल तर चालेल, पिळवणुकीचा किंवा नुसती भांडणं लावणारा असेल तर कोर्ट तो मानणार नाही. दाव्यात पैसा लावण्याची आपल्याकडची चौकट आजही बव्हंशी याच निकालावर उभी आहे. प्रत्येक करार त्याच्या अटींवर तपासला जातो.

वकिलांसाठी मात्र दार बंद आहे. वसुलीतला निम्मा वाटा फी म्हणून ठरवणाऱ्या मुंबईच्या एका वकिलाचं प्रकरण 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. वकील नसता तर हाच करार कायदेशीर ठरला असता, पण वकिलाने तो करणं गैरवर्तन आहे, असं न्यायालय म्हणालं. वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांतही निकालावर अवलंबून फी घ्यायला मनाई आहे. वकील नसलेल्यांनी दाव्यात पैसा लावायला बंदी दिसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात नोंदवलं.

महाराष्ट्रात याचा वेगळा नियमच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने दिवाणी संहितेच्या ऑर्डर 25 मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, दाव्याच्या खर्चासाठी वादीने दाव्यातल्या मालमत्तेचा हिस्सा कोणाला दिला किंवा द्यायचं कबूल केलं, तर कोर्ट त्या माणसाला त्याच्या संमतीने वादी करू शकतं आणि प्रतिवादीच्या खर्चासाठी तारण मागू शकतं. तो नको म्हणाला तर त्याला प्रतिवादी करता येतं. तारण ठरल्या मुदतीत दिलं नाही, तर मालमत्तेवरचा त्याचा हक्क जाऊ शकतो. थोडक्यात, पडद्याआडच्या सावकाराला कोर्ट उजेडात आणतं. म्हणून असा करार करताना हरल्यावर समोरच्याचा खर्च कोण देणार, हे कलम आधी लिहून घ्यावं. लवादाच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये उलट सांगितलं: पैसे पुरवणारा पक्षकारच नव्हता, तर निवाड्याची रक्कम त्याच्याकडून वसूल करता येणार नाही.

भागधारकांसाठी वेगळा कायदा आला तो सत्यम या आयटी कंपनीच्या हिशेबातल्या घोटाळ्यानंतर. तशी शिफारस कंपनी कायद्यावरच्या जे. जे. इराणी समितीने 2005 मध्येच केली होती. जानेवारी 2009 मध्ये घोटाळा उघड झाला. अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात 2011 मध्ये सत्यमने 12.5 कोटी आणि लेखापरीक्षक पीडब्ल्यूसीने 2.55 कोटी डॉलरवर तडजोड केली. तिथे वकील स्वतःच्या खर्चाने लढतो आणि जिंकला तर कोर्टाने मंजूर केलेला वाटा घेतो. आपल्या गुंतवणूकदारांना तसा मार्गच नव्हता.

कंपनी कायदा 2013 मधलं कलम 245 त्यासाठी आलं आणि 1 जून 2016 पासून लागू झालं. किती जणांनी यायचं, याची अट नियमांत 2019 मध्ये स्पष्ट झाली: एकूण भागधारकांचे 5 टक्के किंवा 100 जण, जे कमी असेल ते. 1,500 भागधारक असतील तर 75 जण पुरतात, 50,000 असतील तर 100. डोकी जमली नाहीत तर भांडवलातल्या वाट्याचा पर्याय आहे: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत 2 टक्के, इतर कंपन्यांत 5 टक्के. अर्ज कंपनी न्यायाधिकरणाकडे जातो आणि तो संचालक, लेखापरीक्षक, सल्लागार यांच्याविरुद्धही करता येतो.

खर्चाची तरतूद कागदावर चांगली आहे. जिंकल्यास तो कंपनीने किंवा दोषी व्यक्तीने द्यायचा. कलम 125 प्रमाणे पडून राहिलेल्या लाभांशातून उभ्या राहिलेल्या गुंतवणूकदार निधीतूनही, न्यायाधिकरणाने मंजूर केला तर, खर्चाची भरपाई मिळते. पण ती केलेल्या खर्चाची. पहिला रुपया अर्जदाराच्याच खिशातून जातो, आणि अर्ज खोडसाळ ठरला तर एक लाखापर्यंत खर्च समोरच्याला द्यावा लागतो. कलम येऊन इतकी वर्षं झाली तरी अर्ज मोजकेच का, याचं माझ्या मते हेच मुख्य कारण.

ग्राहक आयोगात फी कमी असल्याने फ्लॅटधारक तिकडे वळतात. तिथेही परवानगी लागतेच. बेंगळुरूच्या एका प्रकल्पात 91 जणांनी 1,134 फ्लॅटच्या सगळ्या खरेदीदारांच्या वतीने तक्रार केली. सर्वांचं हित समान कसं, हे तक्रारीत दिसत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तिचं प्रातिनिधिक रूप नाकारलं आणि ती त्या 91 जणांची संयुक्त तक्रार म्हणून चालू ठेवली.

आपल्याकडच्या ठेवीदारांना यातलं फारसं लागू पडत नाही. कलम 245 बँकिंग कंपन्यांना लागू नाही आणि सहकारी संस्था मुळातच त्या कायद्याबाहेर. वित्तीय संस्थेने ठेवी बुडवल्या तर महाराष्ट्रात आधार असतो तो 1999 च्या ठेवीदार संरक्षण कायद्याचा, म्हणजे एमपीआयडीचा. त्यात मालमत्ता सरकार जप्त करतं, सक्षम प्राधिकारी विशेष न्यायालयात जातो आणि विक्रीतून आलेले पैसे ठेवीदारांत वाटले जातात. वर्षं लागतात, पण दावा लावण्याचा खर्च ठेवीदाराच्या खिशातून जात नाही.