क्वाहॉग शिंपला आणि ‘आदिवासींचा पैसा’: एक खुलासा

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मिळणारा क्वाहॉग हा आपल्या तिसऱ्यांच्याच कुळातला, पण जाड, टणक कवचाचा शिंपला. तिथले मूळ रहिवासी त्याचे मणी पैसे म्हणून वापरत आणि त्यावरूनच त्याचं नाव पडलं, असं सर्रास सांगितलं जातं. ते चुकीचं आहे.

‘क्वाहॉग’ हा शब्द त्याच किनाऱ्यावरच्या नॅरागान्सेट या मूळ रहिवासी लोकांचा. त्यांच्या भाषेवर पुस्तक लिहिणाऱ्या रॉजर विल्यम्स या इंग्रज वसाहतकाराने १६४३ साली तो ‘पोक्वाहॉक’ असा नोंदवला, तो या शिंपल्यासाठीच. पैशाशी नातं आहे ते ‘मर्सेनारिया’ या शास्त्रीय नावाचं. लॅटिनमधल्या मोबदल्याच्या शब्दावरून आलेलं हे नाव स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये दिलं.

कवचाच्या आतल्या बाजूला जांभळा डाग असतो. तेवढाच तुकडा काढून, घासून, आरपार भोक पाडून वॉम्पमचे, म्हणजे शिंपल्या-शंखांच्या ओवलेल्या मण्यांमधले, जांभळे मणी करत. पांढरे मणी शंखाचे. त्यांचे पट्टे तहाची साक्ष म्हणून, शोकात सांत्वन म्हणून दिले जात. नाण्यांचा तुटवडा होता तो इंग्रज वसाहतींना! मॅसॅच्युसेट्सने १६३७ मध्ये वॉम्पमला चलनाची मान्यता दिली आणि १६६१ मध्ये काढूनही घेतली. वसाहतींची ही गरज मूळ रहिवाशांच्या नावावर खपवणं अन्यायाचं आहे. हौडेनोसौनी (इरोक्वॉय) हे तिथले मूळ रहिवासी लोक तर आजही ते पट्टे करार म्हणूनच जपतात.