वाईट स्वप्नांवर बीपीची गोळी, आणि घ्यायची की नाही हा घोळ

अपघात, अत्याचार, भूकंप, युद्ध, असलं काही अंगावरून गेलं की झोप महिनोन्महिने बिघडते, आणि मग डॉक्टरने गोळी लिहून दिली की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते घे, निदान डोळा तरी लागेल. दुसरी म्हणते, नको, एकदा सवय लागली की सुटत नाही. आता गंमत अशी की दोघंही खरं बोलत असू शकतात, कारण बोलतायत ते वेगवेगळ्या गोळ्यांबद्दल, आणि चिठ्ठीवर नक्की कुठली लिहिलीय ते कोणीच वाचलेलं नसतं.

त्याच्याही आधी, बिघडलंय काय ते बघायला हवं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला झाला, आदल्या दिवशीचं गणपती विसर्जन आटपून लोक गाढ झोपले होते. ज्याच्यावर झोपेतच घर कोसळलं त्याला डोळे मिटायचीच भीती वाटणार, ती वेगळी तक्रार. एखाद्याला झोप पटकन लागते पण दोन-अडीचला तेच स्वप्न येतं, घामाघूम होऊन ओरडत उठतो, ती वेगळी. आणि कोणी जोरात घोरतो, मध्येच श्वास अडकतो, त्याला स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो, पीटीएसडीवाल्यांमध्ये (म्हणजे असल्या आघातानंतर जडणारा मनाचा आजार) तो बऱ्यापैकी सापडतो आणि काही झोपेच्या गोळ्यांनी उलट वाढतो.

स्वप्नांवरच्या गोळीची गोष्ट मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते. प्राझोसिन हे बीपीचं जुनं औषध, १९७० च्या दशकातलं. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये मरे रस्किंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या लक्षात आलं की व्हिएतनाम युद्धातल्या ज्या माजी सैनिकांना प्रोस्टेटमुळे लघवीचा त्रास म्हणून ही गोळी दिली, त्यांची युद्धाची स्वप्नं कमी झाली.

असं का व्हावं? मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा बारीकसा भाग असतो, नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन सोडून सगळ्या मेंदूला जागं ठेवणारा, सोसायटीचा वॉचमनच म्हणा. एरवी स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे आरईएम झोपेत, तो जवळजवळ गप्प असतो. पीटीएसडीत तो नीट गप्प होत नाही असा अंदाज आहे, म्हणून स्वप्नातही छाती धडधडते, अंगाला घाम फुटतो. प्राझोसिन मेंदूत शिरून नॉरअ‍ॅड्रेनलिनची अल्फा-१ ही रिसेप्टर्स, म्हणजे त्याचा निरोप झेलणाऱ्या जागा, अडवतं. गुंगी आणून झोपवणारी गोळी ही नव्हेच.

२००३ मध्ये १० माजी सैनिकांवर छोटी ट्रायल झाली, २०१३ मध्ये ६७ सैनिकांवर, दोन्हींत फायदा दिसला. मग २०१८ मध्ये ३०४ जणांवर २६ आठवड्यांची मोठी ट्रायल आली आणि प्राझोसिन आणि साध्या खोट्या गोळीत फरकच निघाला नाही! दोन्ही गटांची स्वप्नं कमी झाली होती. यावर बरीच चर्चा झाली. एक म्हणणं असं की खोटी गोळी वाट्याला येण्याची शक्यता असलेल्या ट्रायलमध्ये खरोखर हैराण झालेला माणूस येतच नाही, डॉक्टरही त्याला पाठवत नाहीत, त्यामुळे आले ते बऱ्यापैकी सावरलेले. दुसरं असं की २०१३ च्या आकड्यांत ज्यांचं बीपी आधीपासून जरा वर होतं त्यांना गुण जास्त आला होता. मला यातून एवढंच कळतं की ही गोळी सगळ्यांना नाही पण काहींना लागू पडत असावी, आणि आपण त्यातले आहोत का हे घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

पण घेऊन बघायचं म्हणजे डॉक्टरच्या नजरेखाली, कारण पहिल्या डोसला बीपी धाडकन उतरू शकतं. माणूस रात्री लघवीला उठतो आणि बाथरूमच्या दारातच चक्कर येऊन पडतो, म्हणून सुरुवात अगदी कमी डोसने, झोपायच्या वेळी, मग हळूहळू वाढवत न्यायची आणि उठताना आधी दोन मिनिटं पलंगाच्या काठावर बसायचं. चार दिवस खंड पडला तर परत जुन्या डोसवर उडी मारायची नाही, डॉक्टरला विचारून खालूनच सुरू करायचं. आपल्याकडे ती हळूहळू विरघळणाऱ्या एक्सएल प्रकारातही मिळते, तेव्हा परदेशातल्या कोणाचा डोस वाचून आपण ठरवू नये.

आता ती सवय लागणारी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, घरोघरी 'पॉइंट टू फाइव्ह' म्हणून ओळखली जाते ती मंडळी. यांनी त्या रात्री झोप लागते हे खरं, पण अमेरिकेतल्या माजी सैनिकांसाठीच्या गाइडलाइन्स पीटीएसडीसाठी त्या देऊ नका असंच सांगतात. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन या डिप्रेशनवरच्या गोळ्यांचं काम तिसरंच, ती पूर्ण पीटीएसडीसाठी, गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला झोप थोडी बिघडूही शकते.

गोळीशिवायचा रस्ताही आहे आणि तो लेचापेचा नाही. निद्रानाशासाठी सीबीटी-आय ही झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलणारी ठरावीक थेरपी पहिली द्या असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय. स्वप्नांसाठी इमेजरी रिहर्सल: दिवसा, जागेपणी, ते स्वप्न घ्यायचं, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा, आणि नवीन स्वप्न रोज थोडा वेळ मनात चालवायचं. ऐकायला पोरकट वाटतं, पण २००१ मध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवरच्या ट्रायलमध्ये याचा फायदा दिसला होता. अडचण एवढीच की हे शिकवणारा थेरपिस्ट तालुक्याच्या गावी सहज सापडत नाही, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करून निदान जवळ कोण आहे ते तरी विचारता येतं.

गोळी सुरू केलीच तर आधी आठवडाभर वहीत लिहा, किती वाजता जाग आली, स्वप्न पडलं का. सुरू केल्यावरही लिहा आणि डॉक्टरला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा की कधीपर्यंत बघायचं आणि गुण नाही आला तर बंद कशी करायची. आणि हे वाचून कोणी आज रात्रीपासून अल्प्राझोलाम बंद करणार असेल तर थांबा, महिनोन्महिने घेतलेली ती गोळी एकदम तोडली तर फिट्स येऊ शकतात, ती डॉक्टरकडून थोडी थोडी उतरवूनच सोडायची असते.