पुढच्या ब्रेक डिस्कचा वारंवार उद्भवणारा दोष (मोटारसायकल)

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाची डिस्क बदलून किंवा घासून घेतल्यावरही काही दिवसांनी तोच त्रास परत सुरू होणे. ब्रेक दाबताना लिव्हर बोटांखाली वरखाली होते, हँडल थरथरते, किंवा ब्रेक न दाबताही चाकाच्या दर फेऱ्याला एकदा ‘सर्र’ असा घासल्याचा आवाज येतो. गॅरेजात या सगळ्याला सरसकट ‘डिस्क आऊट झाली’ म्हणतात आणि नवी डिस्क मागवतात. दुसऱ्यांदाही दोष परतला, तर तिसरी डिस्क आणण्याआधी ती ज्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बसते तो हब आणि तिला पकडणारा कॅलिपर हे दोन्ही तपासायला हवेत. अशा वेळी डिस्क बहुधा दुसऱ्याच्या दोषाची शिक्षा भोगत असते.

मोठ्या संख्येने बनवलेल्या मोटारसायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक प्रथम १९६९ च्या होंडा सीबी ७५० ला मिळाला. भारतात १९९९ साली आलेल्या हिरो होंडा सीबीझेडपासून पुढची डिस्क तरुणांच्या ओळखीची झाली, आणि एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले. मोटारीची डिस्क सहसा बिडाची असते. मोटारसायकलची मात्र उघड्यावर दिसते आणि पावसात भिजते, म्हणून ती कठीण केलेल्या स्टेनलेस स्टीलची करतात. जाडी साधारण ४ ते ५ मिमी. किती झिजेपर्यंत वापरायची तो आकडा बहुतेक डिस्कवर ‘मिनिमम थिकनेस’ म्हणून कोरलेला असतो. तो वाचायचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

वाकडेपणा आणि जाडीतला फरक : हे दोन वेगळे दोष आहेत, आणि निदानातला निम्मा घोळ ते एकच मानल्याने होतो. डिस्क फिरताना डावी-उजवीकडे हलते तो वाकडेपणा. कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याची मर्यादा गाडीनुसार ०.१ ते ०.३ मिमी दिलेली असते. सरकता कॅलिपर आपल्या पिनांवर मोकळा असेल, तर तो डिस्कबरोबर थोडा डोलतो आणि एवढा वाकडेपणा लिव्हरला जाणवतही नाही. जाडीतला फरक मात्र लपत नाही. डिस्क एका जागी ०.०२ मिमीने जाड असली तरी पॅड तिथे मागे ढकलले जातात, त्यांच्यामागे पिस्टन, त्यामागे ऑइल, आणि तो धक्का थेट बोटांपर्यंत येतो.

पहिल्या दोषातून दुसरा जन्मतो, आणि दोष उशिरा परतण्याचे कोडे इथेच सुटते. हबवर गंजाची पापडी राहिली आणि नवी डिस्क तिच्यावर आवळली, की डिस्क किंचित तिरकी बसते. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. पण ब्रेक सोडलेला असतानाही दर फेऱ्याला तिचा एकच भाग पॅडला घासून जातो. १७ इंची चाकाच्या टायरचा घेर साधारण १.८५ मीटर धरला, तर किलोमीटरला सुमारे ५४० फेरे होतात. ३,००० किलोमीटरमध्ये तीच जागा सोळा लाखांवर वेळा घासली जाते. तिथे डिस्क झिजते किंवा पॅडचा मसाला चिकटतो, आणि धडधड सुरू होते. गिऱ्हाईक म्हणते डिस्क डुप्लिकेट होती. डिस्क अस्सल होती, खालची बैठक साफ नव्हती.

कारणे : हबच्या बैठकीवर गंज, जुने लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात तो चिकट द्रव) किंवा हौसेने मारलेला रंग असणे हे पहिले कारण. चाकाला पावडर कोटिंग करून घेतल्यावर हा प्रकार हटकून दिसतो. कोटिंगवाला बैठक झाकून घेत नाही, आणि बसवणाराही नंतर ती खरवडत नाही. बोल्ट ओळीने एकामागून एक आवळले, तरीही डिस्क एका बाजूला ओढली जाते. ते समोरासमोरचे घेऊन, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे असतात.

दुसरे कारण पंक्चरच्या दुकानात घडते. चाक फुटपाथवर डिस्क खाली करून आडवे टाकायचे, टायरवर उभे राहून कडा दाबायच्या आणि पट्टीने टायर उपसायचा, ही नेहमीची पद्धत. माणसाचे सगळे वजन त्या चार मिलिमीटरच्या पत्र्यावर येते. चाक डिस्कची बाजू वर करून किंवा जुन्या टायरवर ठेवून काम करा, एवढे सांगण्यासाठी तिथे उभे राहावे. कुलूप डिस्कला लावून विसरणे हाही असाच एक फटका. गाडी अर्धा मीटर पुढे जाते, कुलूप कॅलिपरवर आदळते आणि डिस्क वाकते.

तिसरे कारण पॅड पूर्ण न सुटणे. पिस्टनभोवतीचे चौकोनी काटाचे रबरी सील ब्रेक दाबताना किंचित वळते आणि सोडल्यावर पिस्टनला मागे खेचते. पिस्टनला मागे आणणारी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसते, सारा भार त्या सीलच्या लवचीकपणावर असतो. पिस्टनवर धूळ, चिखल किंवा गंज जमला की तो मागे येत नाही. कोकणपट्टीत खारी हवा आणि चार महिने पाऊस यांमुळे सरकत्या पिना कोरड्या पडून अडकतात. मग एकच पॅड डिस्कला टेकून राहतो, डिस्क तापते आणि मसाला चिकटवून घेते.

शेवटचे कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. लिव्हरजवळच्या, ऑइल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक परतीचे भोक असते, लिव्हर सोडल्यावर जादा ऑइल त्यातून ब्रेक ऑइलच्या टाकीत जाते. ते कचऱ्याने बुजले, किंवा बाजारातली फॅशनेबल लिव्हर पिस्टनला सतत जरासे दाबून राहिली, की ऑइल अडकते. गाडी तापली की ते फुगते आणि ब्रेक आपोआप लागत जातो. थंड असताना चाक अगदी मोकळे, आणि पाच-सात किलोमीटरनंतर गाडी ओढल्यासारखी, असे असेल तर पहिला संशय इथे घ्यावा.

निदान : हत्यार उचलण्याआधी दोष कधी परतला ते विचारावे. डिस्क बसवल्याबरोबर परतला तर हब, बेअरिंग किंवा बसवण्यातली चूक. दोन-तीन हजार किलोमीटरनंतर परतला तर तिरकी बैठक किंवा न सुटणारे पॅड. फक्त घाट उतरल्यावर येत असेल तर उष्णता. धडधड वेगाबरोबर वाढते का, तेही बघावे. ताशी १० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण दीड फेरा घेते, तेव्हा लिव्हरचे ठोके बोटांवर मोजता येतात. ताशी ६० ला ते सेकंदाला नऊ होतात आणि त्यांची थरथर बनते. दर फेऱ्याला एक ठोका असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे.

मग पुढचे चाक उचलून फिरवावे. डायल गेज (बारीक वाकडेपणा मोजणारे घड्याळी माप) असेल तर उत्तम. नसेल तर चिमट्याला (पुढच्या फोर्कला) झिप टायने एक जुना स्पोक बांधावा, त्याचे टोक डिस्कला जेमतेम टेकवावे आणि चाक हळूहळू फिरवावे. जिथे टोक घासते तिथे डिस्कवर आणि हबवर खडूची खूण करावी. आता डिस्क खोलून एक बोल्ट पुढे सरकवून बसवावी, पाच बोल्ट असतील तर ७२ अंश. घासणारी जागा डिस्कच्या खुणेबरोबर सरकली तर डिस्क वाकडी आहे. हबच्या खुणेपाशीच राहिली तर हब किंवा बैठक वाकडी आहे, आणि तिथे कितीही डिस्क बदलल्या तरी पैसे वायाच. दहा मिनिटांची ही चाचणी फार कमी ठिकाणी होते. जाडीसाठी मायक्रोमीटरने आठ जागी माप घ्यावे. व्हर्नियर इथे पुरत नाही.

ब्रेक अडकून राहत असेल तर अडकलेल्या अवस्थेतच, थंड व्हायच्या आत, कॅलिपरची ब्लीडिंग निपल (ऑइल आणि हवा बाहेर सोडायची तोटी) सैल करावी. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटले, तर दाब वर कुठेतरी अडकला होता. पुढच्या वेळी मास्टर सिलिंडरजवळचा पाइपचा बोल्ट सैल करून पाहावे. त्यानेच चाक सुटले तर दोष मास्टर सिलिंडरचा. तिथे नाही, निपलवरच सुटले तर रबरी पाइप आतून सुजलेला असतो. निपल उघडूनही चाक घट्टच राहिले तर पिस्टन किंवा पिना जाम. ऑइल रंगावर सांडू देऊ नये, रंग उठतो.

काढलेले पॅडही बोलतात. पिस्टनच्या बाजूचा पॅड जास्त झिजलेला असेल तर पिना अडकल्या आहेत. पॅड एका टोकाला पाचरीसारखा झिजला असेल तर कॅलिपर तिरका धरतो आहे. डिस्कवर निळी झाक म्हणजे ती भरपूर तापली होती.

ढिला कोन सेट (हँडल ज्यावर वळते ती बेअरिंग), खेळणारे चाकाचे बेअरिंग किंवा कुठे फुगलेला टायर यांनीही हँडल थरथरते, आणि त्याचे खापर डिस्कवर फुटते. टायरची थरथर ब्रेक न लावताही येते. एबीएसच्या गाडीत जोरात ब्रेक दाबल्यावर लिव्हरला बसणारे जलद ठोके हा दोष नाही. मात्र अनेक गाड्यांत सेन्सरची दातेरी चकती डिस्कच्याच बोल्टांवर असते. ती वाकली तर थांबता थांबता, कोरड्या रस्त्यावरही एबीएस उगाच लागते.

दुरुस्ती : डिस्क लेथवर किंवा ग्राइंडरवर घासून घ्यायचा सल्ला सर्रास मिळतो. आधीच चार मिलिमीटरची असलेली कठीण डिस्क त्याने किमान जाडीच्या जवळ जाते, आणि बहुतेक कंपन्या त्याला मान्यता देत नाहीत. नुसता मसाला चिकटला असेल तर पॉलिश पेपरने गोल गोल घासून ब्रेक क्लीनरने पुसल्यावर बऱ्याचदा भागते. पिस्टन मागे ढकलण्याआधी टूथब्रशने स्वच्छ करावा, नाहीतर बाहेरची घाण सीलवर जाते. पिनांना सिलिकॉन ग्रीस लावावे. साधे ग्रीस रबर फुगवते. चाक परत बसवताना अॅक्सलचा नट आवळून, चिमट्याचा खालचा बोल्ट सैल ठेवून, पुढचा ब्रेक धरून गाडी चार-पाच वेळा खाली दाबावी आणि मगच तो बोल्ट आवळावा. तसे न केल्यास चिमट्याचा एक पाय आत ओढलेला राहतो. डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंश आहे. म्हणून दोन वर्षांनी ते बदलतात.

नव्या पॅडना पहिले दोनेकशे किलोमीटर मध्यम दाबाने बसू द्यावे. आंबोली किंवा वरंध घाट उतरून चहाच्या टपरीपाशी थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर लिव्हर आवळून धरू नये, गाडी स्टँडवर लावून हात काढून घ्यावा. तसे न केल्यास पॅडच्या आकाराचा काळसर ठसा डिस्कवर उमटतो, आणि परतीच्या वाटेवर दर फेऱ्याला तोच बोटांना लागतो.