एक्सपीचा २०१७ चा पॅच: त्याच्या मागची गोष्ट

मायक्रोसॉफ्टची विंडोज एक्सपी ही ऑपरेटिंग सिस्टिम बाजारात आली ऑक्टोबर २००१ मध्ये आणि तिचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून मिळणारे सुरक्षेचे अपडेट, संपला ८ एप्रिल २०१४ ला. पण महिनाही झाला नाही तोवर इंटरनेट एक्सप्लोररमध्ये मोठं भगदाड निघालं आणि १ मे ला मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठीपण पॅच (चूक बुजवणारा छोटा अपडेट) द्यावा लागला. मग काय, वेळ आली की कंपनी देतेच, असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलं.

शिवाय एक जुगाड होताच. दुकानातल्या बिलिंग मशीनसाठी एक्सपीवरच बेतलेली पॉसरेडी २००९ नावाची विंडोज होती, तिचा सपोर्ट एप्रिल २०१९ पर्यंत, म्हणून रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग्ज जिथे साठतात तिथे) एक छोटी की, म्हणजे नोंद, टाकायची, की अपडेटवाल्या सर्व्हरला वाटायचं हा पीसी म्हणजे बिलिंग मशीनच आहे आणि पॅच यायला लागायचे. हे साध्या एक्सपीवर टेस्ट केलेले नाहीत असं कंपनीने बजावलं होतं, ऐकतंय कोण.

खरी गंमत २०१७ ची. फाइल शेअरिंगच्या एसएमबी १ या जुन्या पद्धतीतली चूक मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला बुजवली, पण सपोर्ट चालू असलेल्या विंडोजसाठीच. बरोबर महिन्याने शॅडो ब्रोकर्स या हॅकर टोळीने अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचं, हीच चूक वापरून मशीनमध्ये घुसणारं इटर्नलब्लू हे हत्यार चव्हाट्यावर आणलं आणि १२ मे ला तेच वापरणारा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस सुटला, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांच्या अपॉइंटमेंटा रद्द व्हायला लागल्या. त्या धावपळीत त्याच चुकीवरचा केबी ४०१२५९८ नंबरचा पॅच एक्सपी, विंडोज ८ आणि सर्व्हर २००३ साठी सगळ्यांना फुकट मिळाला.

आता ती फाइल डाउनलोड करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचरचा टॅब उघडला तर कंपनीने सही केल्याची तारीख दिसते फेब्रुवारी २०१७ ची! म्हणजे पॅच तयार होता, फक्त जादा पैसे भरून कस्टम सपोर्ट (मुदत संपल्यावरही चालू ठेवलेला खास सपोर्ट) घेतलेल्यांसाठी. धंदा म्हणून समजू शकतो, पण पटत नाही. आणि टाकायचा तर आधी सर्व्हिस पॅक ३ (एक्सपीच्या अपडेटचा तिसरा मोठा गठ्ठा) हवा, नाहीतर इन्स्टॉलच होत नाही.

बरं, सगळं खापर फुटलं एक्सपीवर. नंतर कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीच्या आकड्यांत दिसलं की लागण झालेल्यांपैकी ९८ टक्क्यांच्या आसपास मशीन विंडोज ७ ची होती, ज्यांचा पॅच मार्चपासून पडून होता आणि कोणी टाकलाच नव्हता. एक्सपीवर तो व्हायरस पसरण्याऐवजी बहुतेक वेळा निळी स्क्रीन आणून मशीनच बंद पाडायचा.

आपल्याकडे एक्सपीची खरी काळजी होती एटीएममध्ये. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना टप्पे आखून दिले, सप्टेंबरपर्यंत २५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सगळी एटीएम सपोर्ट असलेल्या सिस्टिमवर न्या. ती मुदत संपायच्या आधीच, मे २०१९ मध्ये, रिमोट डेस्कटॉपमधलं (दुसरा पीसी लांबून चालवायच्या सोयीतलं) ब्लूकीप नावाचं भगदाड निघालं आणि एक्सपीसाठी परत एकदा पॅच आला, तोही ऑटो अपडेटने नाही, मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या साइटवरून हाताने उतरवून घ्यायचा.