दहा हजार पावलांचा आकडा ज्येष्ठांच्या मोबाइलमध्ये कसा आला?

अंबाझरी, सेमिनरी हिल्स, फुटाळ्याचा काठ, सिव्हिल लाइन्समधले झाडीचे रस्ते. नागपूरकरांची पहाटे फिरायला जायची सवय मोबाइलच्या कितीतरी आधीची. सेवानिवृत्त मंडळींचे गट ठरलेले, वेळही ठरलेली. आता त्यात एका गोष्टीची भर पडली आहे. फेरी झाली की बाकावर टेकून, चष्मा वर सारून मोबाइल पाहिला जातो आणि कुणीतरी विचारतं, ‘‘काकाजी, आज किती झाले?’’

उत्तर बहुतेकदा दहा हजाराच्या मापाने दिलं जातं. हे माप जपानचं. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर तिथे व्यायामाचं वारं होतं. १९६५ मध्ये यामासा कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजारांचा आकडा घातला. आकडा गोल, लक्षात राहणारा आणि विक्रीला सोयीचा होता. साठी-सत्तरीच्या शरीराला किती चालणं पुरतं, हे तपासून तो ठरलेला नव्हता. पुढे २००९ मध्ये फिटबिटचं पहिलं यंत्र आलं, २०१३ पासून फोनमध्येच पावलं मोजायची सोय येऊ लागली, २०१४ मध्ये गूगल फिट हे अॅप आलं. यंत्रं बदलली, आकडा टिकला.

आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या हाती स्मार्टफोन आला तो वेगळ्याच कारणाने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि पुण्या-बंगळुरूला गेलेल्या मुला-नातवंडांचा चेहरा पाहायची सोय झाली. अनेक घरांत मुलाचा जुना फोन वडिलांकडे आला आणि पावलं मोजायचं अॅपही मुलीने किंवा सुनेने त्यात घालून दिलं. २०२० च्या टाळेबंदीत बागा बंद झाल्या तेव्हा गच्चीवरच्या फेऱ्या मोजायला तेच कामी आलं.

माणसं नवं तंत्र का स्वीकारतात, यावर फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेलं प्रारूप आजही आधाराला घेतात. त्याचा गाभा दोन प्रश्नांत आहे: याचा मला उपयोग काय, आणि मला हे जमेल का? २००३ मध्ये व्यंकटेश आणि सहकाऱ्यांनी त्यात जवळच्या माणसांचा आग्रह आणि अडलं तर मिळणारी मदत हेही घटक धरले. त्यांचा अभ्यास नोकरीतल्या माणसांवरचा, पण वय वाढतं तसं या दोन्हींचं वजन वाढतं, हे त्यातून दिसलं. मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. डॉक्टरांनी शुगर पाहून ‘‘रोज चाला’’ म्हटलं की अॅप उघडलं जातं. ते महिनोन्महिने चालू राहतं ते सोबत्यांमुळे आणि घरात कुणी न चिडता पुन्हा पुन्हा शिकवतं म्हणून. पासवर्ड विसरला आणि विचारायला कुणी नसलं, तर तिथेच सगळं थांबतं.

दुसरी अडचण आपल्या हवेची. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. सकाळी आठनंतर बाहेर राहणं ज्येष्ठांसाठी धोक्याचं, आणि अॅप मात्र लक्ष्य अपुरं म्हणून दाखवत राहतं. आकड्यापायी उन्हात आणखी एक फेरी मारणं हे मला खरंच काळजीचं वाटतं, कारण त्या हट्टाला शास्त्राचा आधारही नाही. आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं, आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फरक दिसेना. बहुतेक अॅपमध्ये लक्ष्य बदलता येतं. सेटिंगमध्ये जाऊन ते कुणीतरी बदलून द्यावं लागतं, एवढंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आहेच, शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही आहेत, पडण्याचा धोका कमी व्हावा म्हणून. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठलं-बसलं, तरी पावलांच्या हिशोबात त्याची नोंद होत नाही.